पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. घशात नळी न घालता मास्कवर भूल देतात का?

लिलाववाला:

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातला, वय ४६, वजन ७४ किलो. कांद्याच्या लिलावात बोली पुकारतो. सकाळी पहिला ट्रॅक्टर लागला की तोंड सुरू, ते दुपारच्या जेवणापर्यंत. 'बाराशे, बाराशे दहा, बाराशे पंचवीस, बोला पुढं...' डोक्यावर ऊन, खाली फोलपटं उडतायत आणि चारी बाजूंनी व्यापारी. माईक नाही. माझं भांडवल म्हणजे हा घसा.

चार वर्षांपूर्वी अपेंडिक्स रात्री अचानक उठलं. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर पोटापेक्षा घसाच जास्त ठणकत होता. आवाज असा, की पत्र्यावर खिळा ओढावा. बारा-तेरा दिवस तसाच. विचारलं तर 'नळी घातली होती, त्यानं होतं, जाईल' एवढंच उत्तर. दवाखान्याचं नाव घेत नाही, जीव त्यांनीच वाचवला. पण ते दोन आठवडे घरी बसून काढले. माझ्या जागेवर दुसरा माणूस उभा राहिला आणि तो तिथून हलेना, ते वेगळंच.

आता सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. मोठा ११ मिलिमीटरचा. उजव्या बाजूला दोनदा अशी कळ आली की गाडी काढून रात्री एकला दवाखाना गाठला. दुर्बिणीतून पिशवी काढायची म्हणतात.

माझ्या साडूचं मनगटाचं ऑपरेशन झालं. त्याला नळी नाही, 'मास्क' घातला म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर माझ्याशी भांडत होता, आवाज खणखणीत. मला तसा मास्क चालेल का? सर्जनना विचारलं तर म्हणाले, ते भूलवाल्या डॉक्टरांचं खातं, आदल्या दिवशी भेटतील. आदल्या दिवशी भेटून मी काय बोलणार? आधी काहीतरी कळायला पाहिजे ना.


भूलवाली:

दादा, मी भूल देणारी डॉक्टर. तेवीस वर्षं झाली, त्यातली अठरा फिरतीची. सिन्नर, संगमनेर, अकोले, मधूनच नाशिक. कुठल्याच एका दवाखान्याची नाही. डिकीत माझी निळी बॅग असते, एका कप्प्यात नळ्या, दुसऱ्यात मास्क. 'नळी की मास्क' हा प्रश्न मला रोज सकाळी पडतो.

आधी चार वर्षांपूर्वीचं मिटवून टाकू. रात्रीचं अपेंडिक्स म्हणजे पोट भरलेलं धरायचं, जेवून किती तास झाले ते विचारण्यात अर्थ नसतो, कारण दुखायला लागलं की जठर रिकामं व्हायचं थांबतं. तिथे नळीच घालतात आणि घाईने घालतात. नळी घातली ते बरोबर. आवाज का बसला, ते पुढे बघू.

आता साडूंचा मास्क. तोंडावर लावतात तो ऑक्सिजनचा मास्क डोळ्यांपुढे आणू नका. हा जिभेच्या मागून खाली सरकवतात. स्वरयंत्राच्या तोंडावर तो वाटीसारखा उपडा बसतो, स्वरतंतूंच्या मधून जात नाही. नळी मात्र त्या दोन तंतूंच्या फटीतून आत श्वासनलिकेत जाते, आणि तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवून ती घट्ट बसवतात. तुमच्या आवाजाच्या दृष्टीने एवढा फरक पुरेसा आहे. गाणाऱ्यांना, शिक्षकांना, वकिलांना मी जमेल तिथे मास्कच घालते.

'जमेल तिथे' यातच सगळं आलं. मनगटाच्या ऑपरेशनात पोटाला कुणी हात लावत नाही. तुमच्या ऑपरेशनात बेंबीपाशी छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरणार, १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पोट ढोलकीसारखं टम्म होतं. त्या ढोलकीच्या वर छातीचा पडदा, तो वर ढकलला जातो, फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. आधी मशीन १५-१६ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने श्वास देत असेल, तर त्याच श्वासाला आता २२-२५ लागतात. (पोटातला दाब पाऱ्याच्या मापात, श्वासाचा पाण्याच्या. दोन्ही आकडे एका तागडीत घालू नका.) वर तो वायू रक्तात मुरतो आणि बाहेर काढायला श्वासही जास्त द्यावे लागतात. एवढा दाब तो उपडा मास्क पेलेल का, हा झाला पहिला प्रश्न. नाही पेलला तर हवा तोंडातून निसटते, किंवा जास्त वाईट म्हणजे अन्ननलिकेतून जठरात जाते. जठर फुगलं की नेमकं पित्ताशयासमोर येऊन बसतं आणि सर्जन माझ्याकडे बघायला लागतात. दुसरा प्रश्न उलट्या दिशेचा. टम्म पोटातून जठरातलं वर आलं, तर ते फुप्फुसात जाणार की बाहेर?

१९८१ मध्ये लंडनच्या आर्ची ब्रेन यांनी दातांच्या दवाखान्यातल्या मास्कची रबरी कड एका नळीला जोडून पहिला नमुना केला. १९८८ मध्ये तो विकायला आला. तो साधा मास्क साधारण २० च्या दाबाला गळायला लागतो, आणि जठरातलं वर आलं तर त्याला वेगळी वाट नाही. १९९० मध्ये मुंबईत जे. जे. ला डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून ज्यांनी ही भूल दिली, त्यांच्या हाडात 'वायू भरायचा म्हणजे नळी' हे भिनलेलं आहे. माझे सर तर थिएटरात मास्क दिसला की विचारायचे, 'हे कुणाच्या बारशाचं खेळणं?'

२००० मध्ये प्रोसील नावाचा मास्क आला. त्याला मागच्या बाजूलाही फुगा आणि जठरासाठी वेगळी नळी. तो ३० च्या आसपास दाब धरतो. २००७ मध्ये आयजेल आला. त्याला फुगाच नाही, मऊ जेलीसारखा साचा, घशाच्या उबेत बसतो. २५ च्या जवळपास धरतो, थोडं वरखाली. त्यालाही जठराची वाट आहे, तिच्यातून बारा नंबरची राइल्स ट्यूब, म्हणजे जठर रिकामं करायची बारीक नळी, जाते. या दोघांमुळे 'दुर्बिणीला मास्क' हे निदान बोलता येऊ लागलं.

आता माझीच एक गोष्ट. दोन वर्षं झाली. शिवणकाम करणारी बाई, ५७ किलो, पित्ताशयच. आंबट ढेकर नाही, दमा नाही, तोंड छान उघडतं. आयजेल घातला. मशीनची झडप बंद करून तोंडाजवळ कान नेला, २६ च्या दाबाला हवा गळायला लागल्याचं बारीक 'स्स्स' ऐकू आलं. राइल्स ट्यूब लोण्यातून गेल्यासारखी गेली. ती अशी गेली म्हणजे मास्कचं टोक अन्ननलिकेच्या तोंडावर नीट बसलंय, हा एक कौल. वायू भरल्यावर श्वासाचा दाब २१. २१ आणि २६ मध्ये पाचचं अंतर. मी खूश.

चाळीस मिनिटं झाली. पित्ताशय सुटत आलं होतं. स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधाचा पुढचा डोस द्यायची वेळ होऊन गेली होती, आणि मी 'आता संपतंच आलंय' म्हणून थांबले. बाईला उचकी लागली. एक. मग दुसरी. श्वासाच्या दाबाचा काटा ३४ वर. तोंडातून पुटपुट सुरू, भात उतू जाताना झाकण उडतं ना, तशी. आणि राइल्स ट्यूबच्या कडेने, त्या जठराच्या वाटेतून, हिरवट पिवळं पाणी वर आलं. दोन चमचे असेल. ते माझ्या हातमोज्यावर पडलं, अजून डोळ्यांपुढे आहे.

'वायू सोडा,' म्हटलं. सर्जन चांगले, कारण न विचारता सोडला. भूल गडद केली, स्नायूंचं औषध दिलं, सक्शन केलं, मास्क काढला, लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, आत पाहिलं. स्वरतंतू कोरडे, मोत्यासारखे पांढरे. सातची (आतून सात मिलिमीटर रुंद) नळी घातली, नळीतून आत सक्शन फिरवलं, काही नाही. पुढचं ऑपरेशन नळीवर पार पडलं. बाई दुसऱ्या दिवशी घरी गेली. ते पाणी बाहेर आलं कारण त्याला वाट होती. साध्या मास्कात ती नसते.

तेव्हा दादा, मला आधी सांगा. रात्री झोपेत घशाशी आंबट येतं का? मधुमेह आहे का? तोंड पूर्ण उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी जातात का? तंबाखू, गुटखा, मिश्री, यांपैकी काय? खरं सांगा, इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.


सातारची_सून:

मधेच बोलते. मला मूल राहत नव्हतं म्हणून दुर्बिणीची तपासणी केली होती, २५ मिनिटांची. मला मास्कच घातला होता, कागदावर 'आयजेल' लिहिलं होतं. घसा अजिबात दुखला नाही, संध्याकाळी सासूबाईंशी नेहमीसारखं बोलले. पण उजवा खांदा दोन दिवस असा दुखला की वाटलं टेबलावरून पाडलं की काय.


भूलवाली:

कुणी पाडलं नाही. उरलेला वायू छातीच्या पडद्याला झोंबतो, आणि पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या नसांच्या शेजारून. म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. छोट्या तपासणीला, सडपातळ आणि उपाशी बाईला मीही आयजेल घालते. त्यात डोकं खाली, पाय वर असतात, ही गैरसोय. वेळ थोडा, ही सोय.


मिरजकर_परदेशी:

मीही याच धंद्यातला. शिकलो मिरजेला, आता इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या जवळ. मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलंय, पण मी थोडा उलट्या बाजूने बोलतो.

इकडे रॉयल कॉलेज आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी देशभरातल्या रुग्णालयांतून वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर घटना गोळा केल्या. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला, आम्ही त्याला नॅप फोर म्हणतो. भुलेच्या वेळी श्वासमार्गाच्या घोटाळ्याने जे दगावले, त्यांत सगळ्यात मोठं कारण निघालं पोटातलं फुप्फुसात जाणं. आम्ही आयुष्यभर घाबरायचो ते 'नळी जाणार नाही' याला. त्या अहवालातल्या कितीतरी घटनांत गोष्ट एकच: धोका समोर दिसत होता, तरी साधा मास्क घातला. तेव्हापासून सांगणं असं, की मास्क घालायचाच तर जठराची वाट असलेला घाला.

२००२ मध्ये कॅनडात पित्ताशयाच्याच ऑपरेशनात प्रोसील आणि नळी यांची तुलना झाली होती, शंभरावर काही रुग्ण. सडपातळ माणसांत दोन्ही सारखे ठरले, जठराचं फुगणंही सारखंच दिसलं. जाड माणसांपैकी काहींचा मास्क मात्र मध्येच काढून नळी घालावी लागली. आमच्यातले मास्कवाले पहिलं वाक्य सांगतात, नळीवाले दुसरं. दोन्ही एकाच पानावर आहेत.

मी स्वतः पित्ताशयाला नळीच घालतो. माझ्या शेजारच्या थिएटरातली सहकारी आयजेलवर सर्रास करते, आणि तिचे रुग्ण माझ्या रुग्णांपेक्षा कमी खोकत उठतात हे मी रोज रिकव्हरीत पाहतो. तरीही. मॅडम, तुमच्या त्या उचकीच्या वेळी मदतीला कोण होतं?


भूलवाली:

वॉर्डबॉय होता. बाहेर स्ट्रेचर लावून उभा. तुमचा मुद्दा कळला सर. तुमच्याकडे शेजारच्या थिएटरातून माणूस धावत येतो. इथे मी, सर्जन आणि एक सिस्टर, त्यातल्या सर्जनचे हात पोटात. म्हणूनच त्या बाईनंतर मी माझा हिशेब बदलला. गळतीचा दाब आणि श्वासाचा दाब यांत आठ-दहाचं अंतर नसेल तर वायू भरायच्या आधीच नळी घालते. पोट उघडं असताना, वायू भरलेला असताना, दिवे मंद असताना बदलण्यापेक्षा ते बरं.

एक मात्र म्हणते. नळी घातली म्हणजे सुटलो, असंही नाही. वायूने पडदा वर सरकतो, त्याबरोबर श्वासनलिकेचा फाटाही वर येतो, आणि तोंडाशी घट्ट बांधलेली नळी न हलता एका फुप्फुसात जाऊन बसते. ऑक्सिजन ९९ चा ९३ होतो आणि पाच मिनिटं आपण मशीन तपासत बसतो. झालंय माझं.


लिलाववाला:

मॅडम, तुमच्या प्रश्नांनी माझी झोप उडवली. खरं सांगतो.

आंबट येतं. आठवड्यातून तीन-चार रात्री. जेवण साडेदहाला होतं, मार्केटचा हिशेब संपल्याशिवाय ताट नाही. दोन उशा घेऊन झोपतो. एकदा तर झोपेत घशात आंबट आलं आणि ठसका लागून उठून बसलो, बायकोनं पाठ चोळली. मेडिकलवाल्याकडून रिकाम्या पोटी घ्यायची गोळी आणतो, वर्ष झालं. मधुमेह नाही. गुटखा आठ वर्षं बंद, पण आधी पंधरा वर्षं खाल्ला. तीन बोटं जात नाहीत, अडीच जातात, तिसरं अडतं.

सर्जनना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि मला वाटलं पित्ताचे खडे आहेत म्हणजे पित्त होणारच. एकच रोग समजलो मी.


भूलवाली:

दादा, यात तुमची चूक नाही, आपल्या भाषेची आहे. घशाशी आंबट आलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. आणि पित्ताशयाच्या पिशवीत साठतं तेही पित्त. चार वेगळी घरं आणि दारावर एकच पाटी. तुमच्या घशाशी येतं ते जठरातलं आम्ल. खडे काढले म्हणून ते थांबेलच असं नाही. झोपेत घशात येऊन ठसका लागला, हे वाक्य तुम्ही उद्याच सर्जनना फोन करून सांगा. आधी एंडोस्कोपी करायची का, ते त्यांना ठरवू द्या.

आणि आता तुमचं उत्तर. तुम्हाला नळी. मी असते तर दुसरा विचारसुद्धा केला नसता. साध्या झोपेतही ज्याच्या घशाशी येतं, त्याचं पोट ढोलकीसारखं फुगवून वर नुसतं झाकण ठेवायचं, हे मला जमणार नाही. अडीच बोटं हाही मुद्दा आहे. गुटख्याने गाल आतून ताठ होतात, तोंड कमी उघडतं. त्यामुळे मास्क नीट बसायला त्रास आणि नळी घालायलाही. म्हणून कॅमेऱ्याचं लॅरिंगोस्कोप जिथे आहे तिथे जा.

हिरमुसू नका. मागच्या वेळी आवाज बसला तो बहुतेक नळी घातली म्हणून नव्हे, ती कशी घातली म्हणून. भूल देणारे भेटतील तेव्हा त्यांना इतकं सांगा: मी पुकारायचं काम करतो, मागच्या वेळी तेरा दिवस आवाज गेला होता, आणि तोंड अडीच बोटं उघडतं. पुरुषाला आठ किंवा साडेआठची नळी घालायची जुनी सवय आहे. सातची किंवा साडेसातची घातली तरी तुमचं काम आरामात भागतं, आणि स्वरतंतूंना घासणं कमी होतं. 'लहान चालेल का सर' असं विचारा, रागावणार नाहीत. फुग्याचा दाब मोजणार का, हेही विचारा. २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मध्ये हवा.


ओटी_टेक्निशियन:

फुग्यावर मला बोलू द्या, माझा रोजचा विषय. मी विदर्भात एका मोठ्या दवाखान्यात ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरात आहे. फुग्याचा दाब मोजायचं घड्याळ आमच्याकडे होतं, कपाटात, खोक्यासकट, वरची प्लास्टिकची पिशवीपण काढली नव्हती. सगळे आतल्या फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा चिमटीत धरून 'बरोबर आहे' म्हणायचे. मीपण. एक नवीन मॅडम आल्या, त्यांनी घड्याळ काढायला लावलं. पहिल्याच केसला माझ्या चिमटीतला 'बरोबर आहे' मोजला. ७० निघाला. मी गप्प. दुसऱ्याचा ९० च्या वर. तो एका सिनियर सरांचा होता, तेही गप्प.

आणि भुलेसाठी नायट्रस ऑक्साइड चालू असेल तर तो वायू हळूहळू फुग्यात शिरतो. सुरुवातीला २५ ठेवला तर तासाभराने वाढलेला सापडतो. म्हणून आम्ही मधूनमधून मोजतो. प्रोसीलच्या फुग्याचंही तसंच, तिथे हद्द ६० ची. आयजेलला फुगाच नाही, तिथे डोकेदुखी नाही. फक्त वजन बघून नंबर घ्यायचा: ३० ते ६० किलोला तीन, ५० ते ९० ला चार. मधल्या वजनाला मॅडम दोन्ही उघडून ठेवायला सांगतात आणि तोंड बघून ठरवतात.


मिरजकर_परदेशी:

टेक्निशियनसाहेब, तुमचं ते ९० वालं वाक्य मी छापून आमच्या थिएटरात लावणार आहे. इथेही चिमटी चालतेच.


भूलवाली:

दादा, चहाचं राहिलं. 'उपाशी या' म्हटलं की लोक जेवण सोडतात आणि पहाटे कपभर चहा घेतातच. दुधाचा चहा हे आमच्या हिशेबात अन्न आहे, त्याला सहा तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. एका आजोबांनी मला शपथेवर सांगितलं, काही घेतलं नाही. टेबलावर झोपले आणि खिशातून अर्धी खारी पडली. ऑपरेशन पुढे ढकललं, मुलगा माझ्यावर चिडला, आजोबा मात्र हसत होते. तुमच्या बाबतीत तर आदल्या रात्रीचं साडेदहाचं जेवणही नको. आठच्या आत, हलकं.

उठल्यावर घसा खाकरू नका. कुजबुजूही नका, कुजबुजताना स्वरतंतू उलट ताणले जातात. हळू, साध्या आवाजात बोला. पुकारणं तीन आठवडे बंद, त्यातले दोन आवाजासाठी आणि तिसरा पोटाच्या टाक्यांसाठी. तुम्ही पोटातून ओरडता, तिथेच ती भोकं आहेत. आणि तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचंच.


लिलाववाला:

मंडळी, झालं ऑपरेशन. मोबाइल हातात मिळाला तसा लिहितोय, उशीर झाला, माफ करा.

आधी एंडोस्कोपी झाली. जठराच्या वरचं तोंड ढिलं आहे म्हणे, त्यावर वेगळी औषधं चालू केली. सर्जन म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, मला वाटलं तेच पित्त. ते हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

भूल देणारे डॉक्टर आदल्या संध्याकाळी आले, तरुण होते. मी चिठ्ठीवर लिहूनच ठेवलं होतं, एकदम वाचून दाखवलं, बोलीसारखं. 'पुकारायचं काम, तेरा दिवस आवाज गेलेला, अडीच बोटं, लहान नळी चालेल का, फुगा मोजणार का.' ते जरा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, 'काका, तुम्हाला कुणी शिकवून पाठवलंय?' सातची घालतो म्हणाले. मोजायचं घड्याळ बॅगेतून काढून दाखवलं.

टेबलावर काय झालं ते मला ठाऊक नाही. दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले, मी आठापर्यंत पोचलो. उठलो तर घसा कोरड्या भाकरीचा घास अडकल्यासारखा, बस. मागच्या वेळचं खिळा ओढल्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी आवाज जाड होता, चौथ्या दिवशी बायको म्हणाली, झालं, सुरू झाला. खांदा मात्र दुखला, सातारच्या ताई, तुमची आठवण काढली.

आज अकरावा दिवस. चक्कर मारावी म्हणून मार्केटला गेलो. पुकारायचं नाही असं ठरवूनच, कडेला कट्ट्यावर बसलो. माझ्या जागी नवीन पोरगा होता. लाल कांद्याची एक गाडी लागली, माल एकसारखा, वाळलेला, चकाकी असलेला. पोरगा चौदाशेवर थांबला. समोरचा व्यापारी अजून पोत्यात हात घालून कांदा दाबून बघत होता. अशा वेळी थांबतात का कधी? मला राहवेना. तिथूनच ओरडलो, 'अरे चौदाशे पन्नास बोल की!' पार शेडच्या टोकापर्यंत माना वळल्या.

गाडी पंधराशे दहाला गेली. शेतकऱ्यानं चहा पाजला. दुधाचा.


भूलवाली:

दादा, तीन आठवडे म्हटलं होतं मी. टाक्यांकडे बघितलंत का?


लिलाववाला:

बघितलं मॅडम. कोरडे आहेत. उद्यापासून घरीच.